खरेदीखात्यातली पॅशन

'पॅशन' हा शब्द इंग्लंडात हल्ली कशालाही चिकटवतात. सँडविचवाला सँडविचबद्दल पॅशनेट असतो, नळदुरुस्तीवाला नळांबद्दल. नोकरीच्या अर्जात तर हा शब्द नसला तर अर्ज बहुधा उघडतच नसावेत. त्यामुळे या शब्दाचं मला फारसं काही वाटेनासं झालं होतं. पण 'सार्वजनिक खरेदीतील पॅशन आणि उत्कृष्टता' यासाठी पुरस्कार देतात हे वाचलं तेव्हा मात्र मी थबकलो. खरेदीची पॅशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लक्ष्मी रोडवर साड्यांची चळत उलगडून बसलेली माणसं येतात. टेंडर, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, बिलाची तपासणी... यात पॅशन कुठून आणायची?

पण पुरस्कार खरेच आहेत. ब्रिटनमध्ये 'गो अवॉर्ड्स' नावाचे पुरस्कार वीसएक वर्षं दिले जातात. नगरपालिका, रुग्णालयं, विद्यापीठं, पोलीस दलं, मंत्रालयं, म्हणजे जे जे जनतेच्या पैशाने वस्तू आणि सेवा विकत घेतात, त्यांच्या खरेदी विभागांसाठी. वर्षातला उत्तम संघ, अनेक संस्थांनी मिळून केलेली खरेदी, असे वेगवेगळे गट असतात. काळा कोट, बो टाय, जेवण, स्टेजवर ट्रॉफी, सगळं यथासांग. युरोपात शाश्वत खरेदीसाठी 'प्रोक्युरा प्लस' पुरस्कार आहेत. अमेरिकेत राज्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांची संघटना जॉर्ज क्रोनिन यांच्या नावाने पुरस्कार देते. म्हणजे हा कोणा एका विक्षिप्त माणसाचा उद्योग नाही, चांगली रुळलेली प्रथा आहे.

इथल्या आमच्या विद्यापीठाच्या खरेदी विभागाचं नाव एका वर्षी अशाच एका पुरस्काराच्या अंतिम यादीत लागलं. तशी ईमेल सगळ्यांना आली. आमच्या प्रयोगशाळेतली पहिली प्रतिक्रिया होती, "कशाबद्दल? आपली ऑर्डर सहा आठवडे लटकवल्याबद्दल?" संशोधक आणि खरेदी विभाग यांचं नातं जगभर सारखंच असतं, सासू-सुनेचं.

पण त्याच विभागाचा एक अनुभव सांगतो. आमच्याकडे जैविक नमुने ठेवायला उणे ऐंशी अंशांचे फ्रीजर लागतात. आकाराने आपल्या गोदरेजच्या कपाटाएवढे, पण वीज खाण्यात राक्षस. जुना फ्रीजर दिवसाला सहज वीस युनिट खातो, म्हणजे इथल्या एखाद्या घरापेक्षाही जास्त. आम्ही तीन कोटेशनं जोडून मागणी पाठवली. खरेदी विभागातल्या बाई कागद घेऊन थेट प्रयोगशाळेत आल्या. त्यांनी तीन प्रश्न विचारले. हा दिवसाला किती युनिट घेतो? बिघडला तर मेकॅनिक किती तासांत येतो? आणि दहा वर्षांनी त्याची विल्हेवाट कोण लावणार, आपण की कंपनी? तिन्ही कोटेशनांत पहिल्या प्रश्नाचंही उत्तर धड नव्हतं.

मग त्यांनी हिशेब मांडला. सर्वांत स्वस्त फ्रीजर दोन हजार पौंडांनी स्वस्त होता, पण दिवसाला दहा युनिट जास्त खात होता. युनिटला पंचवीस पेन्स धरले तर वर्षाला नऊशे पौंड. म्हणजे स्वस्ताईचा फायदा सव्वादोन वर्षांत संपतो आणि उरलेली पावणेआठ वर्षं विद्यापीठ दंड भरत बसतं. वीजबिल आमच्या विभागाच्या खात्यातून जात नसल्याने आम्हाला त्याचं सोयरसुतक असण्याचं कारणही नव्हतं! बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. विद्यापीठात आणखी कोण कोण असेच फ्रीजर घ्यायच्या विचारात आहे हे त्यांनी शोधून काढलं, सगळ्यांची मागणी एकत्र केली आणि एकच टेंडर काढलं. किंमत उतरली, वॉरंटी वाढली. सहा आठवडे गेले ते यात.

याला मी पॅशन म्हणतो. बाई स्वतः तो शब्द वापरणार नाहीत. त्या फारच कोरड्या स्वभावाच्या आहेत.

यात रॉकेट सायन्स काही नाही. वस्तूची किंमत म्हणजे बिलावरचा आकडा नव्हे, तर ती वस्तू जन्मापासून भंगारात जाईपर्यंत जे काही खाते ती सगळी रक्कम, हे आपल्या आज्जीलाही कळत होतं. पण सरकारी फाईलला हे कळावं यासाठी कायदे करावे लागतात. युरोपच्या नियमांमुळे ब्रिटनमध्ये 'आर्थिकदृष्ट्या सर्वांत लाभदायक' निविदा निवडण्याची पद्धत होती. २०२३ चा नवा खरेदी कायदा २४ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाला आणि त्यात 'आर्थिकदृष्ट्या' हा शब्दच गाळला. आता नुसतं 'सर्वांत लाभदायक'. २०१२ च्या एका कायद्याने त्याआधीच असं सांगितलं होतं की सेवा विकत घेताना समाजाला, परिसराला काय मिळेल याचा विचार करा. प्रेस्टन नावाचं लँकेशायरमधलं गाव बघा. कापडगिरण्या गेल्या, नव्या मॉलचा बेत २०११ मध्ये फसला. मग नगरपालिका, पोलीस, कॉलेज, गृहनिर्माण संस्था अशा तिथल्या मोठ्या संस्था एकत्र बसल्या आणि आपण माल नक्की कुठून घेतो याचा हिशेब काढला. २०१२-१३ मध्ये त्यांच्या खर्चापैकी जेमतेम ५ टक्के रक्कम प्रेस्टनमध्ये राहत होती. मोठी कंत्राटं तोडून लहान केली, स्थानिक धंद्यांना टेंडर भरायला शिकवलं, आणि २०१६-१७ पर्यंत हा आकडा १८ टक्क्यांवर गेला. एका रुपयाचाही नवा कर नाही, अनुदान नाही. फक्त खरेदी वेगळ्या डोक्याने केली.

आता कोणी म्हणेल, हा गेला इंग्लंडला आणि लागला तिथल्या आरत्या ओवाळायला. थांबा.

याच ब्रिटनमध्ये करोनाच्या वेळी, २०२० मध्ये, मास्क आणि गाऊन विकणाऱ्यांसाठी सरकारने एक 'व्हीआयपी' रांग ठेवली होती. मंत्री, खासदार, बडे अधिकारी यांनी ज्यांची नावं सुचवली त्यांचे अर्ज आधी बघायचे. जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टाने ती रांग बेकायदेशीर ठरवली. २०२०-२१ मध्ये आरोग्य खात्याने या सामानावर १२.१ अब्ज पौंड खर्च केले आणि त्यातले ८.७ अब्ज हिशेबातून कमी करावे लागले, कारण बराचसा माल निकामी निघाला, गरजेपेक्षा जास्त झाला किंवा बाजारभाव कोसळला. म्हणजे 'ओळखीचा माणूस' ही संस्था केवळ आपल्याकडेच फोफावते असं समजण्याचं कारण नाही.

आणि त्याहून भयंकर म्हणजे पोस्ट ऑफिसचं प्रकरण. इथली छोटी पोस्टं खासगी दुकानदार चालवतात. त्यांत आपल्याकडून आलेली गुजराती, पंजाबी मंडळीही पुष्कळ. या पोस्टांसाठी 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली आणली तिचं कंत्राट १९९६ मध्ये दिलं गेलं. शेवटच्या फेरीत तीन स्पर्धक होते. जिंकलेला स्पर्धक तांत्रिक आणि व्यवस्थापकीय निकषांपैकी बहुतेकांवर तिसरा, म्हणजे शेवटचा होता. पण त्याची किंमत सर्वांत कमी होती आणि जोखीम अंगावर घ्यायची त्याची तयारी होती. पुढे त्या प्रणालीतल्या दोषांमुळे हिशेबात खोटी तूट दिसू लागली आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना चोरीच्या, खोट्या हिशेबाच्या गुन्ह्यांत शिक्षा झाल्या. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. खोटे खटले भरणं हा वेगळा आणि मोठा अपराध, तो खरेदीच्या माथी मारता येणार नाही. पण सुरुवात झाली ती एका तुलनात्मक तक्त्यातून. तेव्हा 'खरेदी म्हणजे कारकुनी' असं कोणी म्हटलं की मला हा तक्ता आठवतो.

इंग्रजांचं या बाबतीतलं दुटप्पीपण जुनं आहे. सॅम्युएल पेपिस हा रोजनिशीमुळे प्रसिद्ध झालेला गृहस्थ, पण पोटापाण्यासाठी तो १६६० पासून आरमाराच्या मंडळात अधिकारी होता. जहाजांचं लाकूड, डोलकाठ्या, दोरखंड, निशाणं यांची खरेदी हा त्याच्या कामाचा मोठा भाग. केंब्रिजचा पदवीधर, पण गुणाकाराचे पाढे येत नव्हते! लाकूड मोजताना व्यापारी आपल्याला फसवतात हे लक्षात आल्यावर १६६२ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, त्याने जहाजावरच्या एका माणसाकडून पाढे शिकून घेतले. पहाटे उठून पाठ करायचा. लाकूड मोजायची पट्टी वापरायला शिकला, गोदीत जाऊन वखारी तपासल्या, दोरखंडाचा ताग हातात घेऊन बघितला. याहून मोठी खरेदीची पॅशन मला इतिहासात सापडलेली नाही. आणि याच पेपिसला फेब्रुवारी १६६४ मध्ये सर विल्यम वॉरन नावाच्या लाकडाच्या बड्या व्यापाऱ्याने बायकोसाठी हातमोजे दिले. घरी येऊन पुडी उघडली तर आत सोन्याची चाळीस नाणी. पठ्ठ्याने ती ठेवून घेतली, आणि खूश होऊन रोजनिशीत लिहूनही ठेवलं. वॉरनला डोलकाठ्यांची मोठमोठी कंत्राटं मिळाली. गंमत म्हणजे वॉरनचा माल खरोखरच चांगला आणि स्वस्त आहे असं पेपिसचं प्रामाणिक मत होतं. पॅशन आणि पाकीट एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. पुरस्कार देणाऱ्यांनी हे विसरू नये.

पुरस्कारांवरचे आक्षेपही मला मान्य आहेत. असे बरेच सोहळे खासगी कंपन्या भरवतात. अर्ज आपला आपणच करायचा, आपल्या कामाचं वर्णन आपणच लिहायचं. जेवणाच्या टेबलांचे पैसे भरायचे. आणि प्रायोजक कोण? पुष्कळदा सरकारला माल विकणारेच. म्हणजे ज्यांच्यापासून चार हात लांब राहायचं त्यांच्याच खर्चाने शँपेन प्यायची. शिवाय बक्षीस मिळतं ते टेंडर झाल्यावर वर्षभरात, जेव्हा वाचवलेला पैसा कागदावरच असतो. अमेरिकेतली एक पद्धत मला त्यातल्या त्यात बरी वाटते. तिथे १९९५ पासून 'अचीव्हमेंट ऑफ एक्सलन्स इन प्रोक्युरमेंट' नावाचा सन्मान आहे. त्यात पहिला-दुसरा नाही. ठरलेल्या निकषांची यादी आहे, पुराव्यासह गुण मिळवायचे, पुरेसे गुण झाले की सन्मान. शंभर संस्था पात्र ठरल्या तर शंभरांना. आपल्या जुन्या फर्स्ट क्लाससारखं. मेरिट लिस्टची मारामारी नाही आणि भाषणंही कमी.

हे सगळं तुम्हाला, तिकडे बसलेल्यांना, का सांगतोय?

कारण मी ज्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकलो तिथे काचेच्या कपाटात ऑसिलोस्कोप होते. कपाटाला कुलूप. ते मार्च एंडला घेतलेले होते, एल-वनच्या नियमाने, म्हणजे सर्वांत कमी दर त्याचा माल. त्यांचे प्रोब दोन महिन्यांत गेले, नवे प्रोब मागवायला वेगळी मंजुरी लागत होती, ती कधी आली नाही. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मात्र प्रत्येक यंत्राचा नंबर होता आणि दरवर्षी तपासणीत नंबर जुळत होते. ऑडिटच्या दृष्टीने ही शंभर टक्के निर्दोष खरेदी. आमच्या बॅचमधल्या एकानेही चालू ऑसिलोस्कोपला हात न लावता पदवी घेतली.

भांडारपालाला दोष देऊन उपयोग नाही. त्याने महाग यंत्र सुचवलं असतं तर त्याला कोणी शाबासकी दिली असती? उलट 'याला किती मिळाले?' हा पहिला प्रश्न. आपल्याकडे खरेदी करणाऱ्या माणसाला फक्त दोन प्रकारे लक्षात ठेवतात. ऑडिट पॅरामध्ये, नाहीतर लाचलुचपत प्रतिबंधक खात्याच्या बातमीत. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पर्यंत असं कलम होतं की स्वतः एक पैसाही न घेता, केवळ तुमच्या निर्णयामुळे दुसऱ्या कोणाला जनहिताविना आर्थिक लाभ झाला तरी तो गुन्हा. ते कलम दुरुस्तीत गेलं, पण त्याने घातलेली भीती फाईलींमध्ये अजून आहे. मग प्रामाणिक माणूस काय करतो? सर्वांत कमी दरावर बोट ठेवतो आणि सही करतो. अप्रामाणिक माणसाला एल-वनची अडचण होते असं समजू नका. त्याला अटी कशा लिहायच्या ते माहीत असतं. अडचण होते ती फक्त डोकं वापरणाऱ्या माणसाची.

आणि डोकं वापरल्यावर काय होतं याची उदाहरणं आपल्याच देशात आहेत. तामिळनाडूने औषधखरेदीसाठी १९९४ मध्ये वेगळं महामंडळ स्थापन केलं. पूर्ण राज्याची मागणी एकत्र, दर खुल्या स्पर्धेने. नमुना प्रयोगशाळेकडे पाठवताना कंपनीचं नाव काढून सांकेतिक क्रमांक टाकायचा. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखं पासबुक, आपल्या वाट्याच्या रकमेत लागतील ती औषधं गोदामातून उचला. पुढे केरळने, राजस्थानने हाच कित्ता गिरवला. दुसरं उदाहरण एलईडी दिव्यांचं. जानेवारी २०१४ मध्ये एका सरकारी कंपनीला ३१० रुपयांना पडणारा दिवा मोठ्या एकत्रित खरेदीमुळे २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. दिव्यांचे जागतिक भाव उतरत होतेच, हे मान्य. पण एवढा उतार केवळ बाजाराच्या कृपेने आला नाही, त्यामागे कोणीतरी टप्प्याटप्प्याने टेंडरं रचली होती. तुमच्या घरात त्यातला एखादा दिवा अजून जळत असेल. तो घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव तुम्हाला माहीत आहे? मलाही नाही.

आता महाराष्ट्र. औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिनकडे सोपवली. हाफकिनचं नाव लसींसाठी, आणि काम दिलं राज्याच्या खरेदीचं. तुटवड्याच्या तक्रारी होत राहिल्या. २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण करायचं ठरलं. त्याच वर्षी, सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागता लागता नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. औषधं नव्हती असा आरोप झाला, सरकारने तो नाकारला. त्यात कोण खरं ते इथे बसून ठरवण्याचा माझा अधिकार नाही. पण 'औषध होतं की नव्हतं' यावर वाद व्हावा हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. कपाटात काय आहे हे कोणालाही बघता यावं अशी खरेदीची पद्धत असती तर वाद दहा मिनिटांत मिटला असता.

म्हणून मला वाटतं की महाराष्ट्रात असा पुरस्कार हवा. शाल-श्रीफळाची टर उडवणारे आपण सगळेच, पण सरकारी नोकरीत पगार आणि बढती ज्येष्ठतेने ठरते, तिथे मान ही एकच गोष्ट कामावरून देता येते. दिल्लीत नागरी सेवा दिनाला, २१ एप्रिलला, पंतप्रधानांचे पुरस्कार दिले जातात, पण ते जिल्ह्यांचे, योजनांचे, आणि फोटोत कलेक्टर. 'जेम' या सरकारी बाजारपेठेनेही जून २०२३ मध्ये क्रेता-विक्रेता गौरव समारंभ केला. चांगली गोष्ट आहे, फक्त खरेदीदार आणि विक्रेता यांना एकाच स्टेजवर हार घालताना मला पेपिसचे हातमोजे आठवतात.

माझ्या अटी थोड्या आहेत. पुरस्कार टेंडर उघडल्यावर नव्हे, माल आल्यावर तीन वर्षांनी द्यावा. अर्ज खरेदी करणाऱ्याने न करता वापरणाऱ्याने करावा: नर्सने, शिक्षकाने, पंपचालकाने. प्रायोजक नको, जेवण नको, मंत्री नसले तर उत्तम. आणि नाव पुकारायचं ते ज्याने टिपणी लिहिली त्याचं, मग तो वरिष्ठ लिपिक का असेना.

पहिल्या वर्षी एकच गट ठेवला तरी चालेल. सर्पदंशावरचं प्रतिविष. भाताच्या लावणीच्या दिवसांत, न कळवता, कोकणातल्या आणि गडचिरोलीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रात्री जायचं आणि फ्रिज उघडायला सांगायचं. कुप्या किती आहेत, मुदत कधी संपते आणि वीज गेली तर फ्रिज कशावर चालतो, एवढं लिहून घ्यायचं.